गोळा हाताला लागला पाहिजे

धसईला एसटी रिकामी झाली तरी खिडकीजवळच्या बाई उठल्या नाहीत. डोळे मिटलेले, पिशवी मांडीवर, डोकं काचेला टेकलेलं. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला असेल. त्यानं हाक मारली, पुन्हा मारली, मग खांद्याला हात लावून पाहिला… आणि पिशवीतल्या ओळखपत्रामागे लिहिलेल्या नंबरवर फोन लावला. मी तेव्हा शहापुरात माझ्या औषधांच्या दुकानात होते. समोर एक म्हातारबाबा उभे होते, त्यांना मी खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते समजावत होते. "मॅडम, ह्या हिराबाई तुमच्या कोन?" पलीकडून आवाज आला. म्हटलं, मावशी. तो म्हणाला, "तुमी येता का धसईला? कोनाला तरी संगं घेऊन या. बाई उठत नायत." मी फोन ठेवला आणि म्हातारबाबांना उरलेलं सांगितलं. जेवणानंतर, दोन चमचे, वर लगेच पाणी प्यायचं नाही. नीट, सावकाश सांगितलं, त्यांच्याकडून एकदा म्हणवूनही घेतलं. ते गेल्यावर शटर ओढलं आणि तिथेच पायरीवर बसले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. मुरबाड सोडल्यावर आणि धसई यायच्या आधी, कधीतरी. शेजारी बसलेली एक बाई मधल्या फाट्यावर उतरली होती, तिला मावशी म्हणाली होती, "सावकाश उतरा." म्हणजे तोवर होती. त्यानंतर कुठल्या वळणावर, कुठल्या शेताशी गेली, ते कुणालाच माहीत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझी आईसुद्धा याच रस्त्यावर गेली. उलट्या दिशेनं, धसईकडून मुरबाडला जाताना, जीपमध्ये. तिचीही जागा कुणी कधी सांगितली नाही. आणि त्या जीपमध्ये आईच्या शेजारी बसली होती ती हीच, तिची धाकटी बहीण, माझी हिरामावशी. तेव्हा ती शाळेत होती. मी त्याच दिवशी सकाळी जन्मले होते.

सुगंधा, म्हणजे माझी आई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पोट मोठं दिसायचं, पण जुळं आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आधी मी झाले, मग माझा भाऊ. भाऊ आठवड्याच्या आतच गेला. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं, म्हणून आमच्या घरात अजूनही त्याच्याबद्दल बोलताना 'तो' एवढंच म्हणतात. वडिलांनी पुढे दुसरा संसार मांडला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मला आजीनं ठेवून घेतलं आणि आजी दिवसभर शेतावर असायची, तेव्हा माझं जे काही करायचं ते हिरामावशीनं केलं. बकरीच्या दुधात पाणी घालून, उकळून, कापसाच्या बोळ्यानं ती मला पाजायची. वर्षभर शाळा सुटली. लोक म्हणाले, आता ही पोर कसली शिकते. ती पुन्हा गेली. दहावी झाली, मुरबाडला कॉलेज केलं, मग कल्याणला वसतिगृहात राहिली, मग मुंबईत, आणि शेवटी नावामागे डॉक्टर लागलं. गावातल्या बायका पोरांना घेऊन तपासायला यायच्या तेव्हा आजीला सांगावं लागे, "आमची हिरा ती डाक्टर नाय गो. ती शोध लावते." कसला शोध, हे आजीला सांगता यायचं नाही. मलाही बरेच दिवस यायचं नाही.

सुट्टीला ती घरी आली की मी तिला चिकटून असे. तिच्या काही गोष्टी मला विचित्र वाटायच्या, पण लहानपणी माणूस विचित्र गोष्टीही तशाच धरून चालतो. ती पीठ मळत नसे. भात रांधी, भाजी चिरी, मासे साफ करी, पण परातीत हात घालत नसे. आजी भाकऱ्या थापायला बसली की ती उठून अंगणात जाई. पिकलेल्या पपईला बोट लावून बघायलाही तयार नसे. जीपमध्ये ती कधी बसली नाही. धसईच्या नाक्यावर मुरबाडच्या जीपा ओरडून माणसं भरत असायच्या आणि आम्ही दोघी उन्हात एसटीची वाट बघत उभ्या. आणि दुपारी तिच्या कुशीत झोपले की कधीकधी मला जाग यायची ती तिच्या हातामुळे. तिचा तळवा माझ्या बेंबीखाली गच्च दाबलेला असायचा, दुखेल इतका, आणि ती गाढ झोपेत. मी तो हात हळूच उचलून बाजूला ठेवी. तो परत यायचा…

माझ्या दहावीच्या सुट्टीत ती मला पहिल्यांदा मुंबईला तिच्या कामाच्या ठिकाणी घेऊन गेली. लांबच लांब कॉरिडॉर, औषधांचा वास, आणि शेवटी एक छोटी, थंड खोली. टेबलावर काचेचं दुहेरी भांडं होतं, त्यातून कोमट पाणी फिरत होतं, बारीक बुडबुडे येत होते. आत रेशमी दोऱ्यानं बांधलेली, शेवईपेक्षा थोडी जाड अशी एक फिकट पट्टी लोंबत होती. "हा स्नायू आहे," मावशी म्हणाली, "उंदराच्या मादीच्या गर्भपिशवीचा." मला किळस आली, पण तिनं वरचा स्क्रू किंचित फिरवला, पट्टी ताणली गेली आणि मी किळस विसरले. कारण पट्टी ओढली गेली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग तिनं उलट ओढ घेतली. आपणहून. शेजारच्या पडद्यावरची रेघ डोंगरासारखी वर चढली आणि उतरली. प्राणी कधीच मेलेला होता. डोकं नव्हतं, रक्त नव्हतं, पोट नव्हतं. तरी ताणल्याचं त्या एवढ्याशा तुकड्याला कळलं होतं.

"कुणी सांगितलं त्याला?" मी विचारलं.

मावशी हसली. तो प्रश्न तिचा आवडता असावा. म्हणाली, हाताचा स्नायू आपण सांगू तेव्हा हलतो. पण आतड्याचा, रक्तवाहिन्यांचा, मूत्राशयाचा, गर्भपिशवीचा स्नायू आपल्याला विचारत नाही, त्याचं त्याला कळतं. त्याची प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते आणि त्या पडद्यात प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात. किती बारीक, ते कल्पनाही करू नकोस. पडदा ताणला की त्यातली काही दारं ओढली जाऊन उघडतात. आत कॅल्शियम शिरतं आणि पेशी आवळते. रक्ताचा दाब वाढून धमनी फुगली की ती आवळून घेते ती अशीच. आत्ता, तू उभी आहेस इथे, तुझ्या अंगभर हे चाललंय आणि तुला पत्ता नाही. मी माझ्या मनगटाकडे बघितलं. तेव्हापासून आजतागायत, एकटी असले की मधेच मला ती दारं आठवतात. आपल्या आत कुणीतरी सतत जागं आहे, आपल्याला न विचारता उघडझाप करतं आहे… सुरुवातीला त्याची भीती वाटायची. आता भीती नाही, पण विसरताही येत नाही.

"मग पोटात बाळ असताना?" मी विचारलं. "तेव्हा तर केवढं ताणलं जातं. तेव्हा का नाही आवळत?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तेच तर. त्याच पडद्यात दुसरीही दारं असतात. तीही ताणानंच उघडतात, पण त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी शांत होते. दिवस गेलेले असतात तेव्हा ही शांतवणारी दारं जास्त असतात. जेवढा ताण, तेवढी ती धरून ठेवतात, थांब म्हणतात. दिवस भरत आले की ती कमी होतात, आणि मग कळा. "आणि बाळ झाल्यावर पिशवीनं एकदम आवळायचं असतं," ती म्हणाली. "घट्ट. दगडासारखं. आतल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानंच बंद होतात. नाही आवळली तर रक्त थांबत नाही. फार ताणली गेली असेल, बाळ मोठं असेल, किंवा दोन असतील, तर कधीकधी…"

मी पंधरा-सोळा वर्षांची होते, लहान नव्हते. मी म्हणाले, "म्हणजे आमच्यामुळे."

मावशीनं उठून मशीन बंद केलं. रेघ सरळ झाली. तिनं पट्टी भांड्यातून काढली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग आम्ही परत निघालो. मुरबाडला एसटीतून उतरलो, पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो, तेव्हा ती एकदम बोलली, आणि प्रयोगशाळेतली भाषा सोडून आमच्या घरच्या बोलीत बोलली. "पोट कोनी ताणत नाय गो जयू. पोट वाढतं. पोर वाढतं तसं पोट पन वाढतं, दोघं मिलून. तू काय आईला ओढत नव्हतीस. ऐकलंस?" मी मान हलवली. "नाय, बोल. ऐकलंस का?" म्हटलं, ऐकलं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी झाली होती. तेव्हा मला वाटलं, ती मला समजावते आहे. ती स्वतःलाही काहीतरी सांगत होती, हे कळायला मला आई व्हावं लागलं.

आई गेली त्या दिवशी जीपमध्ये काय झालं ते मला आधी भागीआजीकडून कळलं होतं. भागीआजी म्हणजे आमच्या गावची सुईण, मला आणि त्याला जगात आणणारी. म्हातारपणी ती ओट्यावर बसून कुणालाही काहीही सांगायची. वार पडली, पण रक्त थांबेना, तेव्हा गावातल्या कुणाची तरी जीप काढली. पोरांना आजीकडे ठेवलं. पुढे आजोबा आणि ड्रायव्हर, मागे आई आडवी, भागीआजी आणि मावशी. पिशवी आवळून तिचा घट्ट गोळा व्हावा म्हणून भागीआजी आईच्या बेंबीखाली दाबून चोळत होती. रस्ता कच्चा, ती म्हातारी, तिला गाडी लागायची. थोडं गेल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा तिनं मावशीचा हात धरून तिथे ठेवला. "म्हटलं, दाब गो पोरी. असा दाब. गोळा हाताला लागला पायजे. गोळा लागतो तवर रगात ऱ्हातं. गोळा सुटला की गेली." भागीआजी सांगायची आणि मग तंबाखू चोळायची. "दाबलान पोरीनं. चांगला दाबलान. पन मुरबाड आलं तवा सुगंधा गेलेली." एवढंच तिला माहीत होतं. एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

माझं लग्न शहापुरात झालं. दिवस गेले तेव्हा मावशी दर आठवड्याला फोन करून तपासणीचं विचारायची. एकच बाळ होतं, सगळं ठीक होतं, तरी ती रजा टाकून माझ्या तारखेच्या आधीच शहापुरात येऊन राहिली. सकाळी मुलगी झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रक्तस्राव नेहमीसारखाच होता, काही काळजी नव्हती. मला खोलीत आणल्यावर मावशी आत आली, बाळाकडे तिनं एकदाच बघितलं, आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसून चादरीखाली हात घालून तळवा माझ्या बेंबीखाली ठेवला. ठेवला तो ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आम्ही बघतोय ना अधूनमधून." ती म्हणाली, "बघा. मी पण बघते." माझा नवरा चहा घेऊन आला, तिनं मानेनंच नको म्हटलं. तिला जेवायला सांगितलं, ती ऐकेना. दुपार झाली. खिडकीतून ऊन पलंगावर सरकलं. तिच्या कपाळावर घाम होता, खांदा थरथरत होता. मी म्हणाले, "मावशी, मला तहान लागलीय, पण तू उठू नकोस, मी घेते." आणि मी बाजूच्या बाटलीकडे हात केला.

ती रडायला लागली. आवाज न करता, हात न हलवता. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं.

"तायनी पानी मागितलं," ती म्हणाली. "गाडी सरळगावच्या अलीकडे आली होती. माझ्या हाताखाली गोळा होता, जयू. पक्का होता. सुटायचा, मी चोळायची, परत यायचा. मला कळलं होतं कसं करायचं. मग ताय बोलली, हिरे, पानी दे. भागीआजी वकत होती. तांब्या माझ्या पाठीमागं. मी एक हात तिथंच ठेवून दुसऱ्या हातानं घ्यायला गेले, पन गाडी उडली आणि हात सुटला. मी तांब्या घेतला, तिला दोन घोट पाजले. तिनं पिलं. आणि हात परत ठेवला तर तिथं काय नव्हतं. मऊ. मळलेल्या पिठासारखं. मी दाबलं, खूप दाबलं, हात आत जात होता… आलाच नाय गोळा. मी कोनाला बोलले नाय. ती गेली ते पन मलाच आधी कळलं, आणि मी मुरबाडपर्यंत दाबत बसले."

मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. चादरीखाली, माझ्या पोटावर, तिच्या तळव्याखाली माझ्या आत काहीतरी घट्ट, गोल झालेलं मला पहिल्यांदा जाणवलं. "आहे ना?" मी विचारलं. "आहे," ती म्हणाली. "आहे. चांगला आहे." संध्याकाळी सिस्टरनी तिला जवळजवळ उचलूनच बाजूला नेलं.

त्यानंतर तिच्या सगळ्या आयुष्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागले. परात, पपई, जीप, झोपेतला हात. आणि ते काचेचं भांडं. पुढे एकदा ती माझ्या दुकानात मागच्या स्टुलावर बसलेली असताना मी धीर करून विचारलं की, तू तिथे नेमकं काय शोधतेस? तिनं सरळ सांगितलं. जास्त ताणून ठेवलेली पट्टी घ्यायची, ती सुस्तावते. मग तिला वरून हलका दाब द्यायचा, हातानं चोळावं तसा. ती आवळते. मग दाब काढून घ्यायचा. थोडाच वेळ. तांब्या उचलून दोन घोट पाजायला लागेल तेवढाच. आणि परत दाब द्यायचा. येते का परत?

"येते?" मी विचारलं.

"कधी येते. कधी नाही येत." ती बाहेर रस्त्याकडे बघत होती. "दाबल्यावर कुठली दारं उघडतात, किती, कशी, थोडंफार कळलंय. दमलेल्या पेशीत ती का उघडत नाहीत, हे अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. मी नाही काढला हात तरी सुटला असता कदाचित. दोन बाळं होती, अंगात रक्त उरलं नव्हतं. कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. मलाही कुणी विचारलं तर मी हेच सांगते." ती स्टुलावरून उठली. "पण उंदराची पट्टी उंदराचं सांगते गो. तायचं नाय सांगत."

तिचं काम थोडंफार छापून आलं, लोकांनी नावाजलंही असेल. तिनं कधी दाखवलं नाही. नोकरीची काही वर्षं उरलेली असतानाच तिनं राजीनामा दिला आणि मुरबाडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आम्ही सगळे हैराण. ती म्हणाली, विचारायचं तेवढं विचारून झालं. मुरबाडहून ती एसटीनं गावोगाव, पाड्यापाड्यांवर जायची. उपकेंद्रातल्या नर्सबाईंबरोबर बसून बायकांना सांगायची की बाळंतपण दवाखान्यातच करायचं, जुळं असेल तर आधीच जाऊन राहायचं. आणि रस्त्यातच काही झालं तर गाडीत काय करायचं. मी विचारलं, बरं वाटतं का तुला तिथे? ती म्हणाली, "बरं कसलं. पण तिथे गेलं की झोप येते." शहापूरला येणं कमी झालं. आली की थकलेली दिसायची. मी तिचा रक्तदाब मोजायची, गोळ्या बदलून द्यायची, आणि ती हसून म्हणायची, "आवळतायत गो माझ्या धमन्या. ऐकत नाहीत." मी रागवायची. त्या गोळ्या ती वेळेवर घेत होती, हे तिच्या खोलीतल्या रिकाम्या पाकिटांवरून कळलं. तेवढं बघून बरं वाटलं.

ती गेल्यावर खोल्या आवरायला मी मुरबाडला गेले. आवरण्यासारखं फार नव्हतंच. दुपारी लता नावाच्या नर्सबाई आल्या, मावशीबरोबर फिरायच्या त्या. त्या दाराशीच उभ्या राहून बोलत होत्या, आत यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "मॅडमचा एक नियम होता, तो आम्ही सगळीकडे पक्का केलाय. बाळंतिणीला गाडीत घालून आणायचं झालं तर मागे तिघी पाहिजेत. एक दाबायला. एक, तिचा हात दमला की बदलायला. आणि एक पाणी द्यायला." त्या जरा हसल्या. "पहिल्या दोघींचं कळतं. पण पाण्यासाठी खास एक बाई, असं कशाला, हे मी एकदा विचारलं. नुसतं म्हणाल्या, लिहून घे. तिसरीशिवाय गाडी सोडायची नाही." मी खिडकीकडे तोंड केलं. मग त्यांनी सांगितलं की, पावसाळ्यात एका पाड्यावरून अशीच एक बाई आणली, रक्त जात होतं, रस्ता वाहून गेलेला, गाडी रखडत आली. तिघी होत्या मागे. बाई घरी आहे, ठीक आहे.

त्याच म्हणाल्या, "येता का एकदा? बायका विचारतायत."

गेल्या आठवड्यात मी गेले. एसटीनं धसईपर्यंत, पुढे लताताईंच्या स्कूटरवर. एसटीत मी खिडकीशी बसले आणि डोळे उघडे ठेवले. शेतं कापून झालेली, पेंढा रचलेला, मधे एका बांधावर बकऱ्या. कुठे ते कळेल असं मला का वाटत होतं कोण जाणे. सगळा रस्ता एकसारखाच होता.

पाड्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. चटई अंथरली होती. भिंतीकडच्या खांबाशी एक जागा मोकळी सोडलेली होती, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या तरी तिथे कुणी बसलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "बाय तठं बसं." मावशीला इथे सगळ्या बाय म्हणत. लताताईंनी मला तिथेच बसायला सांगितलं. मी बसले. पाठीला खांबाचा एक भाग गुळगुळीत लागला, तो तिच्याच पाठीनं झाला असं म्हणणं खोटं ठरेल, पण मला तसं वाटलं. लताताई बोलत होत्या, बायका मधेमधे हसत होत्या, कुणाचं तरी मूल रडत होतं. मी ऐकत होते आणि ऐकतही नव्हते.

सगळं संपल्यावर एक तरुण पोर पुढे आली. आठवा लागलेला, पोट खूप मोठं. लताताई म्हणाल्या, "जुळं आहे. पुढच्या आठवड्यात मुरबाडला नेऊन ठेवतोय." पोर माझ्यासमोर बसली, जराशी लाजली, आणि काही न विचारता तिनं माझा हात उचलून आपल्या पोटावर नेला. मी दचकले. "मी डॉक्टर नाही गो," मी म्हणाले.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बाय पन नव्हती."

लुगड्याआड तिचं पोट गरम होतं. आत कुणीतरी सरकलं, आणि जरा वेळानं दुसऱ्या बाजूला दुसरं कुणीतरी. मला माझ्या भावाची आठवण आली, ज्याच्याबरोबर मी असं कुणाच्या तरी हाताखाली हलले असेन. आता पुरे, म्हणून मी हात काढू लागले, तर तिनं वरून आपला हात ठेवून तो दाबून धरला.

"ऱ्हाऊ द्या ना," ती म्हणाली. "बाय लय येळ ठेवायची."

मी हात ठेवला. बायका चटई गुंडाळायला उभ्या राहिल्या होत्या, त्या पुन्हा खाली बसल्या.